पाच वाजताची नोंद

पुस्तकातली नायिका शेवटचं पत्र वाचत होती आणि माझ्या स्पीकरमधून कुणीतरी खळखळून गुळण्या केल्या.

अंध वाचकांसाठी मी घरी बसून पुस्तकं ध्वनिमुद्रित करते. तो परिच्छेद चौथ्यांदा वाया गेला होता. "वरच्या मजल्यावर नवीन मुलगा आलाय, गच्चीवर तारा बांधल्यात त्यानं," आत्यानं माहिती पुरवली. मी आधी सेक्रेटरीकाकांकडे लेखी तक्रार दिली आणि मग तणतणत वर गेले. खरं तर उलटं करायला हवं होतं, पण राग आला की माझं डोकं असंच चालतं.

दार उघडलं. गळ्यात हेडफोन, हातात चहाचा कप, आणि डोळे... असो.

"तुमच्या गुळण्या माझ्या स्पीकरमधून येतायत!"

"म्हणजे माझा आवाज," तो ओशाळून हसला. "हॅम रेडिओ आहे माझा, हौशी बिनतारी संच. आणखी काय काय बोलतं तुमच्या घरात?"

"टीव्ही, फोन... आणि आत्या."

"पहिल्या दोघांचं बघतो."

सेक्रेटरीकाकांनी रविवारपर्यंतची मुदत दिली. तोवर त्रास थांबला नाही, तर अँटेना खाली. मग त्यानं मला एक वही दिली. रोज संध्याकाळी पाचला तो वरून बोलणार, मी कुठली वस्तू बोलली ते लिहायचं. त्याच्या वहीत त्याच्या नोंदी. दोन्ही वह्या जुळल्या की दोष सापडतो, म्हणाला.

"नुसत्या गुळण्यांवरून काय कळणार तुम्हाला? शब्द समजतील असं पाठवतो."

आणि पाच वाजता स्पीकर हलकेच खरखरला. "चाचणी... एक, दोन, तीन... ढग खाली आलेत. गच्चीवर एक निळी चादर राहिलीये. तुमचीच ना? आत घेतो. खिडकी लावून घ्या..."

मी उठले, खिडकी लावली. काचेवर पहिले थेंब आले तेव्हा माझा हात अजून कडीवरच होता.

चाचणी झाली की तो खाली यायचा. वायरी स्वतःच अँटेना होऊन बसतात म्हणे. मग तो खिशातून नको त्या लहरी अडवणारी फेराइटची काळी, जड कडी काढायचा आणि तिच्यातून वायरीचे वेढे घ्यायचा. मी टोक धरायचं. बोटाला बोट लागलं की दोघंही वायरीकडे फार लक्षपूर्वक बघायचो. मंगळवारी टीव्ही गप्प झाला, बुधवारी फोन. "सज्जन आहे हो, वायरीला हात लावायच्या आधीसुद्धा विचारतो," आत्या म्हणाली, तेही त्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

गुरुवारी वेढे घेता घेता तो म्हणाला, "माझा मामा लांबच्या बेटावर हवामान केंद्रात असतो. त्यानंच मला वाढवलं, हे वेडही त्याचंच. तिथं फोन लागत नाही. रोज सकाळी दोन मिनिटं... या तारेवरच भेटतो आम्ही."

शुक्रवारी त्यानं स्पीकरला शेवटची कडी घातली.

शनिवारी पाच वाजले. स्पीकर गप्प. सव्वापाच... तरीही गप्प. इतकी शांतता मी आठवडाभर मागत होते, आणि आता ती मला खायला उठली. उद्यापासून तो कशाला येईल खाली? सेक्रेटरीकाका, मुदत, सगळं डोक्यातून पार गेलं. मी वही ओढली आणि लिहिलं : 'पाच वाजता. स्पीकर. आवाज स्पष्ट.'

तो आला नाही. सेक्रेटरीकाका आले, आणि वही घेऊन गेले.

रविवारी सकाळी मुदत आठवली आणि धावत गच्चीवर पोचले, तर वायरमनच्या हातात पाना होता. "कालही आवाज आलाय. उतरवा," काका सांगत होते. तो मात्र बाजूला, बगलेत आपली वही घट्ट धरून उभा.

"तुमची वही दाखवा ना त्यांना!"

"नको."

मी ती ओढूनच घेतली. शनिवार : 'पाच वाजता. सेट बंद. वायर बदलत होतो.'

"दाखवली असती तर तुम्ही खोट्या ठरला असता," तो हळूच म्हणाला.

"अहो, आणि मामा?"

त्यानं खाली बघितलं. मी काकांकडे वळले.

"काका, माझी नोंद खोटी आहे. काल काहीच ऐकू आलं नाही... तोच तर त्रास होता. यांचा आवाज हवा होता मला. आवडतात ते मला." वायरमन ऐकतोय, खालच्या जिन्यात आत्या ऐकतेय, सगळं कळत होतं, पण आता थांबणार कोण?

वायरमननं पाना पिशवीत टाकला. काकांनी तक्रारीचा कागद काढला, चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं आणि तो माझ्या वहीसकट मला परत दिला. मी कागद तिथंच फाडला.

संध्याकाळी पाचला बेल वाजली. तो दारात, वही घेऊन.

"आजची चाचणी सेटशिवाय करावी म्हणतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, अगदी जवळून, "मला तू आवडतेस... पहिल्या दिवसापासून. ऐकू येतंय?"

मी मान हलवली. मग आम्ही जिन्यातच बसलो, खांद्याला खांदा लावून, आणि आपापल्या वहीत लिहिलं : 'रविवार. पाच वाजता. आवाज स्पष्ट.'

दोन्ही वह्या जुळल्या.