एक थाप मऊ, एक टणक

नवा फोन घेतला की पहिले काही दिवस माणूस त्याला तळहाताच्या फोडासारखा जपतो. थोरलीनंही तसाच जपला. तिचा जुना फोन इतका खिळखिळा झाला होता की आधी खरखर ऐकू यायची आणि मग माणूस. शेवटी धाकटीनंच तिला ओढत दुकानात नेलं, चांगला काळा, ऐटबाज फोन घ्यायला लावला, वर काच चिकटवून घेतली आणि घरी येईपर्यंत स्वतःचेच दहाबारा फोटो त्यात काढून ठेवले.

दोघी बहिणीच होत्या. आईवडील गेल्यापासून दोन खोल्यांच्या घरात एकमेकींना धरून राहायच्या. धाकटी एका सलूनमध्ये केस कापायची. तिचा हात झरझर चालायचा आणि तोंड त्याहून झरझर. थोरली शहराबाहेरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला होती. गोठवलेली मासळी, मांस, मटार यांच्या खोक्यांच्या छतापर्यंत थप्प्या. त्यातून फिरायचं, सुईसारखा थर्मामीटर खोक्यात खुपसायचा, आकडा बघायचा आणि पुढच्या खोक्याकडे वळायचं.

हे काम आधी मामा करायचे. मामा कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण साहेबापासून हमालापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत. गेल्या हिवाळ्यात एका शनिवारी दुपारी काम लवकर आटोपलं, सगळे घाईनं घरी गेले आणि मामा चार नंबरच्या खोलीत राहून गेले. दार आतून उघडायचं बटण बर्फानं धरलं होतं. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा उशीर झालेला होता. थोरली त्या आठवड्यात तापानं घरी पडून होती. ती परत आली तोवर बोलणारे बोलून गप्प झाले होते, बटण नवं बसवलं होतं, आणि चार नंबरची खोली तिच्या वाट्याला आली होती.

नवा फोन तापतो हे तिच्या पहिल्यांदा त्याच खोलीत लक्षात आलं. खरं तर तिथं उलट व्हायला हवं. कडाक्याच्या थंडीत फोनची बॅटरी बघता बघता मान टाकते, म्हणून बाकीचे आपापले फोन बाहेर कपाटात ठेवून आत जात. थोरलीला मात्र मामांचं झाल्यापासून फोनशिवाय आत जायचा धीर होत नव्हता. जाड कोटाच्या आतल्या खिशात ती तो ठेवायची. आत पंख्यांची एकसुरी घरघर, दारावरच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांची सळसळ, पुठ्ठ्याचा आणि गोठलेल्या मासळीचा वास. आणि अशा त्या खोलीत तिच्या छातीपाशी फोन ऊन ऊन व्हायला लागायचा. पहिल्या दिवशी तिला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी कातडीला चटका बसला. भरलेली बॅटरी घेऊन ती आत जायची आणि बाहेर येईपर्यंत फोन मेलेला असायचा.

मग घरीही तेच सुरू झालं. टेबलावर नुसता पडलेला फोन दुपारी तापायचा. धाकटीनं थट्टा करून घेतली. म्हणाली, हिवाळा सरेपर्यंत दुकानात परत देऊ नकोस, पोट शेकायला होईल. पण दोन दिवसांनी तीच वैतागली आणि दोघी दुकानात गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं फोन हातात घेतला, उलटापालटा केला, बराच वेळ चार्जिंगला लावून बघितला. फोन गार. अगदी शहाण्या बाळासारखा. तिनं फोन बंद करून परत सुरू करून दिला आणि बॅटरी कशानं खर्च होते ते कुठं बघायचं हेही दाखवलं. नकाशे, व्हिडिओ, गाणी, सगळं नगण्य होतं. जवळजवळ सगळी बॅटरी एकट्या कॉलनं खाल्ली होती. मुलीनं विचारलं, तुम्ही फोनवर फार बोलता का? थोरली म्हणाली, दिवसाकाठी दोनदा, तेही हिच्याशी. केलेल्या कॉलची यादीही तेच सांगत होती. मुलीनं खांदे उडवले.

रविवारी दोघींना सुटी होती. जेवणं होऊन थोरली वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती आणि फोन शेजारी तापत पडला होता. धाकटीनं हात लावला आणि झटकन मागे घेतला. सलूनमधल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, तापला फोन की फ्रिजमध्ये टाकायचा थोडा वेळ. थोरलीनं नको नको म्हणेपर्यंत तिनं तो एका फडक्यात गुंडाळून वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलासुद्धा.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. म्हणून पहिली थाप ऐकू आली तेव्हा दोघींनाही ती शेजारचीच वाटली. मग दुसरी आली. मग थोडं थांबून परत दोन. जोरात नव्हत्या. खूप वेळ दार वाजवून दमलेला माणूस वाजवतो तशा. आणि त्यात एक विचित्र गोष्ट होती. एक थाप मऊ यायची, उशीवर हात मारल्यासारखी, आणि तिच्यामागची टणक, उघड्या तळव्याची.

धाकटी उठली, कान देत देत स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिजसमोर थांबली. तिचा चेहरा उतरला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "आतून येतंय…"

थोरलीनं तिला मागे ओढलं आणि स्वतः दार उघडलं. थापा थांबल्या. फडकं ओलंचिंब झालं होतं. आजूबाजूचा बर्फ वितळून पाणी खाली ठिबकत होतं. फोन इतका गरम की तिला तो पदराच्या टोकानं उचलावा लागला. पाणी पुसायला तिनं तो जवळ धरला तेव्हा तिला वास आला. घामाचा, न धुतलेल्या लोकरीचा, आणि त्यावर गुडघ्यांना चोळायच्या बामचा. तो बाम कुणाचा हे तिला आठवावं लागलं नाही. वर्षभर तिनं ज्याच्या मागे मागे फिरून काम शिकून घेतलं, तो माणूस थप्पीपलीकडे असला तरी त्या वासानं कळायचा.

धाकटीला तिनं काही सांगितलं नाही. सोमवारी मात्र माल उतरवायच्या फलाटावर तिनं दाढीवाल्याला गाठलं. दाढीवाला फोर्कलिफ्ट चालवायचा. गेल्या हिवाळ्यातल्या त्या सोमवारी चार नंबरचं दार त्यानंच उघडलं होतं, आणि तेव्हापासून त्या विषयावर त्याच्या तोंडून कुणी शब्द ऐकला नव्हता. तिनं सगळं सांगितलं, फ्रिजच्या थापांपर्यंत. तो हसेल, निदान उडवून लावेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं हातातला चहा तसाच कठड्यावर ठेवला.

"एक थाप मऊ, एक टणक?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली.

"त्यांच्या एका हातात मोजा होता. दुसऱ्या हातातला त्यांनी काढला होता. मोजा घालून फोन चालत नाही ना…"

मग तो थांबत थांबत बोलला. मामांचा फोन कुठं सापडला हे त्यानं आणि साहेबानं कुणाला कळू दिलं नव्हतं, मामांच्या गावी राहणाऱ्या बायकोला तर नाहीच. मामा दाराला टेकून बसले होते. डावा हात अंगाशी घट्ट आवळलेला. तो हात सोडवताना फार वेळ लागला. फोन शर्टाच्या आत, काखेत, थेट कातडीला लावलेला होता. थंडीनं बंद पडलेला फोन ऊब मिळाली की क्षणभर चालू होतो, हे त्यांना ठाऊक होतं. एवढ्या एका कॉलसाठी त्यांनी अंगातली सगळी ऊब त्याला देऊन बघितली होती.

"चालू झाला होता?"

"नाही, ताई."

दिवसभरात फोन नाल्यात फेकावा असं तिला दहादा वाटलं. पण मामांनी पहिल्याच दिवशी तिची काकडलेली बोटं बघून स्वतःचे आतले हातमोजे काढून दिले होते, तेही तिच्या डोळ्यांपुढून जाईनात. त्यांना काय हवं होतं? एक फोन. तेवढा लागला की सुटतील बिचारे, असं तिच्या मनानं घेतलं, आणि एकदा मनानं घेतलं की थोरली कुणाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. दाढीवाल्यानं तिला परोपरीनं समजावलं. शेवटी तो म्हणाला, मग मी दाराशी उभा राहतो, तुम्ही ठेवून लगेच बाहेर यायचं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोघं चार नंबरपाशी गेले. दाढीवाल्यानं दार अंगानं अडवून धरलं. थोरली पट्ट्या बाजूला सारून आत शिरली, दारापासच्या खोक्यावर फोन ठेवला, त्याचं लॉक काढून टाकलं. फोन तापायला लागलाच होता. काय बोलावं हे तिनं ठरवलं नव्हतं.

"मामा, चालू आहे फोन," ती म्हणाली. "लावा."

ती बाहेर आली. दाढीवाल्यानं दार लावलं आणि कडीवरचा हात काढलाच नाही. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. आतून पंख्यांच्या घरघरीखेरीज काही आलं नाही. त्याच्या कपाळावर घाम होता. तिनं मनातल्या मनात मामांना जमेल तसा निरोप दिला, आणि मग दोघांनी मिळून दार उघडलं.

फोन होता तिथंच होता. पहिल्यांदाच, त्या खोलीत असायला हवा तसा, बर्फासारखा गार. बॅटरी भरलेली. आणि यादीत एक कॉल होता, लागलेला, बऱ्यापैकी लांब चाललेला. धाकटीला.

थोरलीनं तिथूनच तिला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. परत लावला. मग कोट अंगावर तसाच ठेवून ती घराकडे धावत सुटली.

घराचं दार सताड उघडं होतं. फ्रिजही उघडा होता, आतला दिवा जळत होता, दुधाची पिशवी फरशीवर पडली होती. धाकटी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. अंगावर ओरखडा नव्हता. थोरलीनं तिला जवळ घेतलं, पाणी पाजलं. हळूहळू ती बोलायला लागली.

आज सलूनला गेलेच नाही, डोकं दुखत होतं, म्हणाली. तुझा नंबर बघून फोन उचलला. तर एक म्हातारा माणूस. त्याचे शब्द नीट फुटत नव्हते, ओठ बधिर झाल्यासारखे. दार उघडा, एवढंच परत परत म्हणत होता. मी विचारलं कुठलं दार, तर म्हणाला, तुझ्यासमोरचं. मी फ्रिजपाशीच उभी होते. घाबरले, फोन ठेवणार होते. पण उघडलं. गार वारा आला, माझ्या अंगावरून गेला, आणि बाहेरच्या दाराची कडी आपोआप सरकली. गेला तो.

थोरलीनं धाकटीच्या केसांवरून हात फिरवला आणि सांगितलं, ते मामा होते, चांगला माणूस होता, तू फार मोठं पुण्य केलंस. आता काही होणार नाही.

धाकटीनं तो हात बाजूला केला.

"पण मी त्याच्यासाठी नाही उघडलं," ती म्हणाली. "त्याच्या मागून तू हाका मारत होतीस, म्हणून उघडलं."

"मी?"

"रडत होतीस. मला काढ म्हणत होतीस, फार थंडी आहे म्हणत होतीस. मी दार उघडलं तर तो एकटाच निघून गेला… आणि तुझा आवाज परत आत गेला."

थोरलीनं तिला समजावलं, मी बाहेर होते, दाढीवाला शेजारी होता, त्याला विचार. धाकटी मान हलवत राहिली.

"मी तुझा आवाज ओळखत नाही का, ताई?"

थोरली त्या कोल्ड स्टोरेजमध्ये परत गेली नाही. राहिलेला हिशोबही दाढीवाल्याच्या हाती मागवून घेतला. फोन त्या दिवसापासून कधी तापला नाही, बॅटरी एकदा भरली की दोन दोन दिवस पुरते. धाकटीही सावरली, सलूनला जायला लागली, थट्टा करायला लागली. फक्त थोरलीचा फोन आला की हॅलोच्या आधी विचारते, "ताई, आत आहेस का बाहेर?" आणि उत्तर मिळेपर्यंत पुढे बोलत नाही.

थोरलीनं मुद्दाम उबेचं काम शोधलं. आता ती एका बेकरीत असते. भट्टीच्या तोंडाशी उभं राहून पाव काढते. तिथं उन्हाळ्यात तर बाकीच्यांना दर थोड्या वेळानं बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारावं लागतं. ती जात नाही. सगळे तिचं कौतुक करतात, तिला घामही येत नाही म्हणून.

परवा तिच्याशेजारी पीठ मळणारी बाई बोलता बोलता मधेच थांबली. भट्टी रसरसलेली होती, मळणारीचं अंग घामानं निथळत होतं. ती थोरलीच्या तोंडाकडे बघत होती.

"ताई," ती म्हणाली, "तुम्ही बोललात की तोंडातून वाफ येतेय."