डावीकडचा घास

हे कुणालाही पटणार नाही, पैज लावा. माझ्या साऱ्या थापा लोकांनी आनंदाने गिळल्या. खरी गोष्ट आयुष्यात एकच घडली, आणि नेमकी तीच कुणाच्या घशाखाली उतरत नाही.

"काका, आधी दाणे खा, मग फेका," असं म्हणत पुतणीने भाजलेल्या शेंगदाण्यांची वाटी पुढे सरकवली. खातो. पण उजवीकडूनच. हयात लोकांच्या कवळ्या करण्यात गेली, आणि माझ्या स्वतःच्या डाव्या बाजूला वर-खाली एकही दाढ शिल्लक नाही. तिथे काही बसवूनही घेतलं नाही. शिंप्याचा सदरा उसवलेलाच असायचा.

तर दादा, म्हणजे हिचे वडील. वहिनी गेल्या तेव्हा ही परगावी नोकरीला होती. आली, रडली, रजा संपली तशी परतली. त्यामुळे पुढचं हिला ठाऊक नाही.

जबडा ही नुसती उघडझाप करणारी पेटी नव्हे. मिटताना तो पुढे येतो, बाजूला सरकतो, घास दळतो. प्रत्येकाची चाल निराळी. वहिनींचा जबडा आधी डावीकडे घसरायचा, मग जागेवर यायचा. टक्, स्स, टक्. त्या जेवायला बसल्या की बाहेरच्या खोलीत ऐकू यायचं. दादा चिडवायचा, "बाईसाहेबांचा घाससुद्धा सरळ जात नाही, वळसा घेऊन जातो."

"आई काय म्हणायची त्यावर?"

"म्हणायच्या, 'तुमचा सरळ जातो ना, मग गप्प जेवा.'"

दोघांच्याही कवळ्या मीच केलेल्या. वहिनी गेल्या आणि दादाची कवळी बसेनाशी झाली.

माझी कामाची खोली दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. एक खिडकी, प्लास्टरने पांढरं पडलेलं टेबल, मेण वितळवायचा दिवा. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर जबडेच जबडे. कवळी देण्याआधी दातांसकट तिचा प्लास्टरचा साचा काढून ठेवायची माझी पद्धत होती. गिऱ्हाईक गेलं तरी साचा मी टाकत नसे.

दादा येऊन बसला तेव्हा कॉलरमध्ये त्याची मान काठीसारखी दिसत होती.

"चावलंच जात नाही रे. घास तसाच बाहेर येतो."

डॉक्टरांनी बजावलं होतं, आता जेवला नाही तर नळीने भरवावं लागेल. आणि त्या वयात नळी लागली की माणूस घरी परत येत नाही, हे दादालाही माहीत होतं, मलाही.

त्याच्या दातांत निळा कागद धरला. "चाव." दात जिथे जास्त टेकतात तिथे निळे ठिपके उमटतात. ते घासून काढले की चावा सारखा होतो. सगळे ठिपके डावीकडे होते. घासले. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडेच, पहिल्याहून ठळक. पुन्हा घासले, पुन्हा आले. प्लास्टिकचे दात काही नखांसारखे वाढत नाहीत. माझीच चूक झाली असेल, नवराबायकोचे साचे अदलाबदल झाले असतील, म्हणून सगळं ताडून पाहिलं. चूक नव्हती.

"दादा, तू डावीकडून का चावतोस?"

"मी कुठे चावतोय? मी नुसतं तोंड मिटतो. चावते ती. तिचा घास संपत नाही, आणि माझी पाळी येत नाही."

मी हसलो. थापा मारणं हा आमच्या घराण्याचाच गुण. पण त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि त्याची वरची कवळी घेऊन आत आलो.

टेबलावर बिजागरीचं यंत्र होतं. त्यात वरचा जबडा आणि खालचा जबडा बसवला की तोंड मिटल्यासारखं मिटतं. वर ती कवळी बसवली, खाली दादाच्याच खालच्या दातांचा साचा. मिटवलं. डुगडुगलं. मग, का ते विचारू नका, मी फळीवरून वहिनींच्या खालच्या दातांचा साचा उतरवला.

तो खाली बसवला. मिटवलं.

डबीला झाकण बसावं तसं बसलं.

मी हात काढून घेतला. खिडकीबाहेरून एक हातगाडी खडखडत गेली.

टक्.

चाकाचा आवाज असेल, म्हटलं. गाडी लांब गेली. यंत्राचा वरचा भाग सावकाश बाजूला सरकला.

स्स. टक्.

बाहेरच्या बाकावरून दादाने हळूच विचारलं, "जेवतेय ना?"

मी कवळी ओढून काढली आणि वहिनींच्या साच्यावर हातोडी घातली. पिठासारखी धूळ उडाली, ओठांवर बसली, जिभेवर आली. खडूसारखी चव. थुंकलो, चूळ भरली.

दादा दारात उभा होता. "भूक लागलीये रे."

कवळी धुऊन त्याच्या तोंडात बसवली, तसा माझा डबा त्याने निपटून खाल्ला. खाताना डोळ्यांतून पाणी येत होतं. "आता अगदी एकटाच जेवतोय बघ," म्हणाला. नळी टळली. पुढे अंगही धरलं त्याने.

"आणि तिथे ते संपलं," मी म्हणालो. "साचा फुटला, चाल मोडली. पुन्हा कुणाच्या तोंडात दिसली नाही."

पुतणी गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. वाटी रिकामी झाली होती. एकदम टाळी वाजवून ती ओरडली, "सापडलात काका! डावीकडे दाढा नाहीत म्हणता, आणि मघापासून सगळे दाणे डावीकडूनच तर कडाकडा फोडलेत! वर आईच्या त्या टक्-स्स-टक्ची नक्कल पण किती हुबेहूब, अगदी..."

तिचं हसू मध्येच थांबलं.

मी डावीकडे जीभ फिरवली. गुळगुळीत हिरडी. आणि तिच्यावर दाण्यांचं बारीक, नीट दळलेलं पीठ.