सात नंबरचा चार्ट

पुरुषांच्या वॉर्डात माझी ड्यूटी सकाळी सात ते तीन. एकोणीस वर्षं झाली. ताप बघायचा, नाडी मोजायची, श्वास मोजायचे, बीपी घ्यायचं आणि खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या चार्टवर लिहायचं. जे दिसतं तेच लिहायचं, अंदाजपंचे काही नाही.

सात नंबरच्या खाटेवर एक चष्म्याचा दुकानदार होता. न्यूमोनिया घेऊन आला, आठ दिवसांत खडखडीत बरा झाला, पण घरी जायचं नाव काढेना. मी पाठ फिरवली की थर्मामीटर चहाच्या कपाला टेकवायचा. काचेवर चहाचा ओघळ राहायचा, तेवढा पुसायचीही अक्कल नव्हती.

"सिस्टर, सात नंबरला तुमचाच ताप चढलाय," वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या आणि हातातलं फडकं तोंडाला लावून हसायच्या.

मीही हसायचे. खोटं कशाला बोलू? चाळिशी उलटलेल्या बाईला कुणी आपल्या वाटेकडे डोळे लावून बसलंय, हे बरं वाटतं. मी डॉक्टरांना काही सांगितलं नाही. तिथे माझं चुकलं.

नऊ नंबरला मास्तर होते. गणिताचे, निवृत्त. हर्नियाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं, आता घरीच जायचे होते. रोज माझ्याकडून पाढे म्हणवून घ्यायचे. एकोणतिसाच्या पाढ्यात मी अडखळले की लेकीला रागवावं तसे रागवायचे.

मास्तर घरी जाणार त्याच्या आदल्या दुपारी सात नंबरनं छाती धरली. मी धावले. त्यानं माझं मनगट घट्ट पकडलं. तेवढ्यात नऊ नंबरची बेल वाजली. एकदा. मग सलग.

"जाऊ नका सिस्टर. मी मरतोय."

माझ्या बोटांखाली त्याची नाडी बहात्तर होती. अगदी व्यवस्थित. पण तोंडानं 'मरतोय' म्हणणाऱ्या माणसाला टाकून जायला पाय उचलत नाही. मावशी औषधं आणायला खाली गेलेल्या. बेल थांबली तेव्हा मी हात हिसडून पळाले. पडद्यामागे सगळं संपलं होतं. मास्तरांचा अंगठा अजून बटणावरच होता.

त्यांची मुलगी आली. उद्या घरी जाताना घालायला म्हणून इस्त्री केलेला शर्ट तिनं आणला होता. तो आम्ही दोघींनी मिळून त्यांना घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सात नंबर भांग पाडून बसला होता. नऊ नंबरच्या उघड्या गादीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"काल घाबरलात ना माझ्यासाठी?" तो हळूच म्हणाला. "मला तेवढंच बघायचं होतं."

मी चार्ट काढला आणि थर्मामीटर न लावताच लिहिलं, एकशे तीन. म्हटलं, टोचू देत याला सुया, काढू देत रक्त. एवढाच सूड मला सुचला.

औषधांची ट्रॉली घेऊन परत आले तर तो कुडकुडत होता. तीन थर्मामीटर लावून बघितले. तिन्हींवर एकशे तीन.

योगायोग, मी स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आधी नाडी लिहिली, एकशे तीस. मग मोजली. एकशे तीस. घड्याळ बदलून पुन्हा मोजली. तेवढीच.

तिसऱ्या दिवशी लिहिलं, डावा हात बधिर.

"सिस्टर, हाताला काय झालं हो? कप धरवत नाही."

सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर वैतागले. "सोंग करतोय," मला बाजूला घेऊन म्हणाले. "एक-दोन दिवसांत घरी पाठवू याला."

चौथ्या दिवशी तो रडला.

"छातीत काही झालं नव्हतं त्या दिवशी. थर्मामीटर चहाला लावायचो. सगळं कबूल करतो. पण हे खरं आहे हो. शपथेवर सांगतो."

"बेल ऐकली होतीत?" मी विचारलं.

त्याची नजर नऊ नंबरच्या खाटेकडे गेली.

"ऐकली होतीत?"

"हो."

मी चार्ट काढला. अठ्ठ्याण्णव लिहिता आलं असतं. बहात्तर लिहिता आलं असतं.

ताप लिहिला. नाडी लिहिली. बीपी लिहिलं.

श्वासाच्या रकान्यात शून्य लिहिलं.

पेनाला टोपण लावलं. तीन वाजले होते.

घरी येऊन युनिफॉर्म भिजत घातला. चारच्या सुमारास मावशींचा फोन आला.

"सिस्टर, येता का जरा?" त्या कुजबुजल्या. "सात नंबर..."

"गेला?"

"नाही हो. उठून बसलाय. पण डॉक्टर मघापासून त्याच्या नाकाशी आरसा धरून उभे आहेत. आरशावर वाफच धरत नाहीये."

मी फोन तसाच कानाशी धरून ठेवला. मागून त्याचा आवाज येत होता. सिस्टर या, माझं चुकलं, सिस्टर या, माझं चुकलं. शब्द अगदी स्पष्ट होते. मी ऐकत राहिले, मिनिट, दोन मिनिटं. मध्ये एकदाही तो दम घ्यायला थांबला नाही.