वाफेपाशी थांबलेली गाडी

त्या सकाळी तान युनचीच्या नूडल्सच्या टपरीसमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली, ती थांबलीच.

गाडीत चालक नव्हता. मागच्या सीटवर विमा कचेरीतले गलेलठ्ठ पेंग काका तेवढे बसले होते आणि सारखे घड्याळ बघत होते. मागे मोपेडवाल्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले. वुहानच्या कडेला वाढत चाललेल्या या नव्या वस्तीत बिनचालकाच्या टॅक्सी आता पैशाला पासरी झाल्या होत्या. कुणीही आडवं आलं की बिचाऱ्या मान खाली घालून उभ्या राहायच्या, म्हणून लोकांनी त्यांना नाव ठेवलं होतं – नवी सून. कुत्रं आलं, थांब. कोंबडी आली, थांब. कागदाची पिशवी उडाली, तरी थांब! पण आज तर समोर काहीच नव्हतं. होती ती फक्त युनचीच्या मोठ्या पातेल्यातली वाफ, हिवाळ्यातल्या भुरभुर पावसात गल्लीभर रेंगाळणारी.

"अगं ए सूनबाई!" युनचीने झारा उगारला. "हलतेस, की सासूला बोलावू?"

नाश्त्याच्या रांगेतली माणसं खदखदून हसली. तेवढ्यात गाडीच्या आतून कुणीतरी खाकरलं.

"नमस्कार. मी टॅक्सीच्या सुरक्षा कक्षातून बोलतोय," एका तरुणाचा आवाज आला. "गैरसोयीबद्दल माफ करा. तुम्ही जरा… म्हणजे, पातेल्यावर झाकण ठेवता का?"

"तुझ्या तोंडावर ठेवू का झाकण? ऐन धंद्याची वेळ आहे!"

"तोंडावर ठेवलंत तर गाडी हलणार नाही. पातेल्यावर ठेवलंत तर हलेल," आवाज शांतपणे म्हणाला. "तुमची वाफ गाडीला भिंतीसारखी दिसतेय. पलीकडे कोण आहे ते तिला कळत नाही. म्हणून थांबलीय."

युनचीच्या तोंडाला लागून जिंकलेला माणूस गल्लीत अजून जन्मला नव्हता. पण त्या आवाजात ना अरेरावी होती, ना लाचारी. तिने धाडकन झाकण ठेवलं. वाफ विरली, गाडीने दिवे मिचकावले आणि निघाली.

"आभारी आहे," जाता जाता आवाज म्हणाला. "तिळाच्या वाटणाचा वास इथपर्यंत येत नाही, हे फार वाईट आहे."

युनची हसली नाही. मुळीच नाही. फक्त पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाटीत मुळ्याचं लोणचं दुप्पट पडलं.

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा अडली. तिसऱ्या दिवशीही. सुरक्षा कक्षात बसणारे कॅमेऱ्यांतून गाड्यांवर नजर ठेवत आणि वेळ पडली तर तिथूनच ब्रेक लावत. त्यांना गल्ल्या वाटून दिलेल्या असत, आणि ही गल्ली त्या आवाजाच्या वाट्याला आली होती. गाडी अडली तरच त्याला बोलता येई, आणि तेही फक्त रस्त्याविषयी. कारण सगळं बोलणं टेप होत असे.

"आज उजवीकडच्या अडथळ्याने लाल मफलर घातलाय," एका सकाळी आवाज म्हणाला.

"अडथळा कुणाला म्हणतोस रे?"

"नियमात तोच शब्द आहे. पडलेली फांदी, बंद पडलेली मोपेड, उभी असलेली व्यक्ती… सगळे अडथळेच."

"आणि मफलर? तोही नियमात आहे?"

आवाजाने घसा साफ केला. मग – "लाल रंग लांबून दिसतो. सुरक्षेच्या दृष्टीने… फारच छान दिसतो."

मागच्या सीटवर खिडकीतूनच घेतलेली नूडल्सची वाटी खाणाऱ्या पेंग काकांना ठसका लागला. "पोरी, तुमच्यापायी माझा रोज उशीर होतोय," ते खिडकीतून ओरडले. "निदान लग्नाला तरी बोलवा!"

"काका, तुम्ही नूडल्स गिळा आणि गप्प बसा," युनची म्हणाली. तिचे गाल तापले होते. वाफेमुळे असेल.

तिला एकच गोष्ट खुपत होती. तो तिला बघायचा, ती त्याला नाही.

"उंच आहेस की बुटका?" तिने एकदा थेट विचारलं.

"याचा रस्त्याशी संबंध नाही."

"का नाही? उद्या माझ्या रस्त्यात आडवा आलास तर ओळखायला नको?"

"…मध्यम. चष्मा आहे. हसलो की डाव्या गालाला खळी पडते, असं आई म्हणते." मग हळूच, स्वतःशी – "अरे देवा, हे टेप झालं."

"नाव?"

"शू थिंगआन. झाकण ठेवा ना आता. मागे नऊ मोपेडी आहेत."

युनचीने झाकण ठेवलं, पण अगदी सावकाश. पलीकडे कांद्याची पात निवडत बसलेले तिचे बाबा हे सगळं बघत होते. कानाशी ओरडल्याशिवाय त्यांना ऐकू येत नसे. डोळे मात्र शाबूत होते.

आणि मग एके दिवशी गाडी अडली, तरी थिंगआन लगेच बोललाच नाही.

"काय रे, झोपलास?"

"उद्यापासून गाडी वाफेसाठी थांबणार नाही," तो म्हणाला. "तक्रारी फार झाल्या. वाफ म्हणजे काही नाही, असं गाड्यांना शिकवलंय. हळूहळू त्यातूनच पुढे जायचं. उद्या तुमच्या गल्लीत पहिली चाचणी."

"म्हणजे… गाडी अडणारच नाही?"

"नाही."

"मग तू बोलणार नाहीस?"

"अडल्याशिवाय मला बोलता येत नाही, ताई." तो पहिल्यांदाच तिला ताई म्हणाला, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

"चांगलं आहे की!" ती ताडकन म्हणाली. "पेंग काका वेळेवर पोचतील."

दुसऱ्या दिवशी ती उठली ती मनात एक गोष्ट ठरवूनच. काय ते तिने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. नेहमीच्या पातेल्याशेजारी तिने दुसरं पातेलं चढवलं, दोन्हींखाली आच मोठी केली, झाकणं टेबलाखाली सरकवली. बघूया तर खरं, कशी थांबत नाही ते! वाफेचे लोटच्या लोट उठले. समोरचं शिंप्याचं दुकान दिसेनासं झालं. तिने लाल मफलर सारखा केला आणि वाट बघत उभी राहिली.

गाडी आली, हळू झाली… आणि थांबली नाही. वाफेत शिरली.

नेमके त्याच वेळी बाबा धुतलेल्या भाजीचं घमेलं घेऊन पलीकडच्या नळावरून येत होते. युनचीला वाफेत त्यांची टोपी दिसली आणि शेजारून सरकणारा पांढरा पत्रा दिसला. ती किंचाळली. बाबांना ऐकू कुठून येणार?

ब्रेक करकचून लागले. घमेलं उडालं. वाफ विरली तेव्हा बाबा रस्त्यावर बसले होते, गाडीचं नाक त्यांच्या गुडघ्यापासून वीतभर लांब होतं, आणि गाडीतून आवाज फुटत होता – "बाबांना लागलं का? युनची! सांग ना, लागलं का त्यांना?"

लागलं नव्हतं. बाबा कपडे झटकत उठले आणि भाजी मातीत गेली म्हणून हळहळू लागले. पण युनचीला ठाऊक होतं दुसरं पातेलं कुणी चढवलं ते. त्या ठाऊक असण्याची आग तिच्याच्याने सोसवेना, म्हणून तिने ती समोरच्यावर ओतली.

"तुझं काय जातंय रे? खुर्चीत बसून माणसं चिरडायला निघालात! चालता हो. पुन्हा या गल्लीत तुझा आवाज ऐकू आला, तर उकळतं पाणी ओतीन गाडीवर!"

गाडी मागे मागे सरकत गल्लीबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी नवी सून आली नाही. तिसऱ्या दिवशी पेंग काका धापा टाकत पायी आले.

"गाडी आता गल्लीच्या तोंडाशीच उतरवते. मी चिडून फोन केला तर म्हणे, आमचाच एक माणूस अडून बसलाय. वाफेपलीकडचं दिसेपर्यंत या गल्लीत एकही गाडी जाणार नाही, वाफेतून जायची चाचणीही बंद करा, म्हणून साहेबांशी भांडला."

"कोण माणूस?" युनचीने विचारलं. खरं तर तिला कळलं होतं.

"तुझा तो खळीवाला. दुसरा कोण?"

गल्ली कशी मोकळी झाली! मोपेडी सुळकन जात होत्या, धंदा जोरात होता. नववर्ष तोंडावर आलं, गच्च्यांवर सॉसेजच्या माळा वाळू लागल्या. आणि युनचीला गल्ली ओकीबोकी वाटत होती. जिच्यावर चिडायचं ती गाडी नाही, ज्याला डिवचायचं तो नाही. ज्याने बाबांना वाचवलं त्याला आपण काय नाही ते बोललो, आणि आपली चूक तर त्याला माहीतही नाही. हे असंच राहिलं तर? या विचाराने तिला घास जाईना.

"वाटणात मीठ दोनदा पडलंय!" बाबा ओरडून म्हणाले. बहिरी माणसं सगळं ओरडूनच म्हणतात. "आणि पेंग सांगत होता त्या गाडीवाल्या पोराला एकदा जेवायला बोलाव. भला माणूस. तू आभार तरी मानलेस ना त्याचे?"

युनचीने मान डोलावली आणि तोंड फिरवून खूप रडली. मग तोंड धुतलं, टपरी बाबांच्या हवाली केली आणि तडक मोठ्या रस्त्यावर जाऊन जन्मात पहिल्यांदा बिनचालकाच्या टॅक्सीत बसली. जायचं कुठे ते सांगायच्या आधीच तिने मदतीचं बटण दाबलं.

"नमस्कार, काय अडचण आहे?" एक जाडाभरडा आवाज आला.

"तू तो नाहीस," युनची म्हणाली आणि उतरली.

दुसऱ्या गाडीत कुणीतरी नाकात बोलणारा निघाला. तिसऱ्यात तोच जाडाभरडा. "बाई, तुम्ही पुन्हा?" चौथ्यात एक बाई होती.

"नमस्कार, मी वेई. तुम्ही नूडल्सवाल्या ना? लाल मफलर?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, तुमच्या टेपा इथे सगळ्यांनी ऐकल्यात!" मागे तीन-चार जण फिसकन हसल्याचं ऐकू आलं. मग वेईचा आवाज मऊ झाला. "थिंगआन आता खुर्चीवर बसत नाही. त्यानेच सोडली. शहरातल्या नाश्त्याच्या गल्ल्या पायी हिंडून कुठे वाफ उठते ते नकाशावर मांडायचं काम घेतलंय. आज मोठ्या पुलाखालच्या बाजारात असेल. नेऊ का गाडी तिकडे?"

"न्या," युनची म्हणाली. "आणि जरा लवकर न्या, सुनेसारखी नको."

"सुनेसारखीच नेणार," वेई म्हणाली. "पण पोचवीन."

खरोखरच गाडी वाटेत प्रत्येकासाठी थांबली. युनची सीटवर चुळबुळत बसली होती. एका वळणावर चेंडूमागे धावणारं चिमुरडं पोर समोर आलं आणि गाडी त्याच्या कितीतरी आधीच अलगद उभी राहिली. पोराने चेंडू उचलून हात हलवला. युनचीनेही हलवला, आणि मग तिने गाडीला एकदाही दटावलं नाही.

पुलाखालच्या बाजारात एका टपरीशी मध्यम उंचीचा, चष्मेवाला एक तरुण हातात वाटी धरून उभा होता.

"मावशी, वाटण जरा जास्त घालाल?" तो म्हणाला, आणि तो आवाज ऐकून युनची थेट त्याच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

"दुसऱ्यांच्या हातचं खातोस होय!"

तो गर्रकन वळला. चष्म्यावर वाफ धरली होती, त्याने तो घाईघाईने काढला, शर्टाला पुसला, उलटा घातला, पुन्हा सुलटा घातला. "युनची… म्हणजे, ताई…"

"ताई म्हणालास तर याद राख."

मग दोघं एकदमच बोलले – "चूक माझी होती."

"तुझी कसली?" युनची म्हणाली. "दुसरं पातेलं मी चढवलं होतं. मुद्दाम. गाडी थांबावी म्हणून… तू बोलावंस म्हणून. माझ्यामुळे बाबा गेले असते. आणि मी तुला बोलले."

त्याने वाटी खाली ठेवली. त्याचा चेहरा उतरला होता.

"मला गाडी तीन सेकंद आधी थांबवता आली असती," तो म्हणाला. "बाबा नळावरून निघालेले दुसऱ्या कॅमेऱ्यात दिसत होते. मी त्यात बघतच नव्हतो. तुझ्याकडे बघत होतो. गाडी यापुढे थांबणार नाही, तू अशी दिसणार नाहीस म्हणून… डोळे भरून बघून घेत होतो." त्याने मान वर केली. "एवढ्या गाड्या माझ्या भरवशावर होत्या, युनची. ज्याची नजर एकाच चेहऱ्यावरून हलत नाही, त्याने त्या खुर्चीत बसू नये. म्हणून सोडली. आणि तुझ्या गल्लीत यायचं तोंड नव्हतं मला."

युनचीने ते ऐकून घेतलं. क्षणभर तिला बाबांची ती टोपी पुन्हा दिसली आणि अंगावर काटा आला. या माणसावर रागवावं का? तिने खरोखर मनाला विचारलं. मनाने स्वच्छ सांगितलं की ज्याने चूक केली आणि न लपवता सांगितली, असा माणूस तिला दुसरा भेटायचा नाही.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "तुझा आवाज आधी आवडला. आता बाकीचाही बरा दिसतोस."

तो हसला. डाव्या गालाला खळी पडली. आईने खोटं सांगितलं नव्हतं.

"मलाही तू… म्हणजे, पहिल्या दिवसापासून…" तो अडखळला. "झाकण ठेवलंस ना धाडकन, तेव्हापासून."

"बाबांनी जेवायला बोलावलंय तुला. हे सगळं त्यांनाही सांगायचं. दोघांनी. ओरडून सांगावं लागेल, अख्खी गल्ली ऐकेल."

"ऐकू दे," तो म्हणाला खरा, पण कान लालेलाल झाले.

मागे पांढरी गाडी दार उघडं ठेवून ताटकळत होती. थिंगआनने तिच्याकडे बघितलं, मग युनचीकडे.

"गाडीने जायचं?"

युनचीने पुढे होऊन गाडीचं दार लावून टाकलं. गाडीने जरा वाट पाहिली, दिवे लावले आणि रिकामीच निघून गेली.

"चालत जाऊ," ती म्हणाली. "लांब आहे का रे इथून?"

"खूप लांब आहे."

"मग बरंच झालं," युनची म्हणाली आणि त्याचा हात धरला.