अर्थिंगच्या खड्ड्यातलं पाणी

सरकून बसा पोट्टेहो, अन् मधात बोलू नका. ही गोष्ट माह्या मावसभावाची, देवमनची. अमरावतीले रेडिओ दुरुस्त करे. खोटं रचून सांगाले त्याच्यात जीवच नव्हता उरत. दिवसभर सायकल हाणून पार थकून जाय बिचारा.

बासष्ट सालची अखजी, म्हणजे अक्षय तृतीया. भातकुलीच्या पुढच्या एका गावातून निरोप आला, पंचायतीचा रेडिओ गाणं कमी अन् भुणभुण जास्त करून राहिला. सणालेही याले सुटी नाही. दिवेलागणीले पोचला. रेडिओ लोखंडी पेटीचा. त्याची अर्थिंगची तार मागच्या भिंतीपाशी खड्ड्यात गाडलेली. पेटीत करंट उतरला तर तारेनं मातीत जाते, माणूस वाचते. पण माती ओली पायजे.

"खड्ड्यात पाणी कोण टाकते?" देवमननं कोतवालाले विचारलं.

"पुंजाजी चपराशी टाके. चैतात मेला तो."

"मंग आता?"

"आता कोण टाकते बाप्पा! आमाले वाटे, बुढा झाडबिड लावून राहिला."

कोतवाल जेवाले गेला. देवमननं खड्डा पाहिला. काळी माती, हात जाईन एवढ्या भेगा. पाणी आणा लागत होतं. पण विहीर दूर, अन् पाय उचलेना. मरू दे म्हणे, आधी पाहून तं घेतो. बटण दाबलं. पेटीवर हात ठेवला.

हात चिकटला.

ओरडाले गेला... आवाज नाही. हात सुटेना. जवळ कोणी नाही...

मंग भिंतीपल्याड...

गुड... गुड... गुड...

पाणी. कोणीतरी सावकाश ओतून राहिलं होतं.

फट्! फ्यूज उडाला. हात सुटला. देवमन खाली पडला.

उठून मागं गेला. भेगा काठोकाठ भरल्या होत्या. माणूस... कोणीच नाही.

सकाळी तो पुंजाजीच्या घरी गेला. काहून गेला, त्यालेही सांगता येत नव्हतं. पुंजाजीची बायको मैनाबाई दारातच बसली होती. अखजीले आपण मेलेल्याच्या नावानं पाण्याची घागर भरतो ना, तशी तिनं नवऱ्याच्या नावानं भरली होती. पयलीच.

"रातभर मी इथंच होती," म्हणे. "कोणी शिवलं नाही."

घागरीच्या तोंडावरचं खरबूज जाग्यावर. खालची जमीन कोरडी. मैनाबाईनं खरबूज उचललं...

आत थेंब नव्हता.

तिचे डोळे भरून आले. "पेले असतीन ना जी ते?"

देवमननं रिकामी घागर उचलली अन् विहिरीकडे चालाले लागला.