बाळ येईपर्यंत तुमच्याकडेच

त्या पाळण्याखालून दोन पाय बाहेर आले होते.

मोठं चकचकीत दुकान, मधोमध पांढराशुभ्र पाळणा. पाळणा म्हणजे झुलणारा नव्हे, चारही बाजूंनी कठडा असलेली बाळाची खाट. "मॅडम, थ्री-इन-वन आहे. आधी क्रिब, मग छोटा पलंग, मग सोफा!" दुकानातली मुलगी उत्साहाने सांगत होती, आणि माझं सगळं लक्ष त्या पायांकडे.

"खाली... कुणी आहे का?" मी वाकून विचारलं.

"आहे," खालून आवाज आला. "हा घेऊ नका."

"अहो, तुम्हाला ड्रॉवर दुरुस्त करायला बोलावलंय ना!" ती मुलगी कावरीबावरी झाली.

"तो केव्हाच झाला." तो सरपटत बाहेर आला. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल, आणि चोरी पकडली गेल्यासारखं हसू. "ह्याचा कठडा खालीवर सरकतो. बाळाची बोटं चेमटतील."

"दिसलं मला. शिवाय गादी लहान आहे. कडेच्या फटीत बाळाचं तोंड अडकू शकतं."

आता त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तुम्हीही सुतार?"

"नर्स. नवजात बाळांच्या वॉर्डात."

"मग माझा पाळणा बघाच एकदा. मागच्याच गल्लीत वर्कशॉप आहे. नावं ठेवायला कुणीतरी जाणकार हवंच होतं."

"ह्यांना परत बोलावणार नाही आम्ही," ती मुलगी माझ्या कानाशी पुटपुटली.

मी मात्र गेले. खरं म्हणजे त्या हसण्यासाठीच गेले, पण तेव्हा स्वतःशी म्हटलं, पाळणा बघायला काय हरकत आहे?

त्याचा पाळणा अजून अर्धाच होता. सागाचा, रंग न लावलेला. पुढचा कठडा चार बोल्ट काढले की सुटायचा. मूल दोन वर्षांचं झालं की त्याचा पलंग, आणि मोठं झालं की दोघांना बसायला बाक. मी गजांमध्ये मूठ घालून बघितली. गेली नाही. छान. मग वरच्या कडेवरून हात फिरवला.

"इथे काय लावणार?"

"पॉलिश. का?"

"दात यायला लागले की मुलं पहिल्यांदा हीच कड चावतात."

"चावतात?" तो हादरलाच. "आजवर तेवीस पाळणे केले... कुणी बोललं नाही!"

"तुम्ही बाळाला कधी कडेवर घेतलं नाहीत का?"

"नाही." त्याने आपले हात पुढे केले. खरबरीत, घट्टे पडलेले. "ह्या हातांनी? ओरखडा उठला म्हणजे?"

त्याने कानामागची पेन्सिल काढून प्लायच्या तुकड्यावर लिहिलं – *चावतात. खायचं तेल लावणे.* मला हसू आवरेना.

"बाळ कुणाचं?" त्याने विचारलं.

"माझ्या दादाचं. तीन महिने आहेत अजून. पण..." मी थांबले. का कुणास ठाऊक, त्या भुशाच्या वासात सगळं सांगावंसं वाटलं. वहिनीची ही तिसरी खेप होती. आधीची दोन बाळं घरी आलीच नव्हती. दुसऱ्या वेळी दादाने एकट्याने खोलीतलं सगळं आवरून, बांधून देऊन टाकलं होतं. म्हणून ह्या वेळी वहिनीने स्वच्छ सांगितलं होतं, बाळ घरात येईपर्यंत घरात एक दुपटंही नको.

"तिला ठाऊकच नाही मी पाळणा शोधतेय ते," मी म्हटलं. "तो... बाळ येईपर्यंत तुमच्याकडेच ठेवाल?"

त्याने "होईल सगळं नीट" वगैरे काही म्हटलं नाही. भिंतीजवळचा कोपरा रिकामा केला आणि पाळणा तिथे सरकवला. "कितीही दिवस राहू दे. फक्त अधूनमधून येऊन बघून जात जा. लाकूड एकटं पडलं की फुगतं."

"खरंच?"

"नाही."

इतक्या सरळ चेहऱ्याने म्हणाला की मी दोन दिवसांनी परत गेलेच!

मग मी जात राहिले. ड्यूटी संपली की आधी घर लागायचं, मग त्याची गल्ली. पण माझी वाट नेमकी उलटी व्हायला लागली. तो चहा ठेवायचा, मी गज घासायचे. "डोळे मिटा," तो म्हणायचा, "खडबडीत कुठे आहे ते डोळ्यांना नाही कळत." मी डोळे मिटून घासायचा कागद फिरवायचे, आणि मिटल्या डोळ्यांनाही कळायचं की रंधा थांबलाय आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय.

"काम करा तुमचं," मी डोळे न उघडताच म्हणायचे.

"करतोय की... सिस्टर."

तो शब्द त्याने असा काही अडखळत उच्चारला की मी डोळे उघडलेच. "काय झालं?"

"नाही जमत," तो म्हणाला. "सगळं हॉस्पिटल तुम्हाला सिस्टर म्हणतं ना? म्हणू दे. मला दुसरं काहीतरी शोधावं लागेल."

"शोधा मग," मी म्हटलं, आणि तोच गज तीनदा घासला.

बाळ आलं ते पाच आठवडे आधी. मुलगी. एक किलो नऊशे ग्रॅम. माझ्याच वॉर्डात, काचेच्या पेटीत. दुसऱ्यांच्या बाळांना श्वासाची नळी मी रोज लावायचे. हिच्या पेटीची झडप मात्र मी दोनदा उघडली आणि तशीच बंद केली. मोठ्या सिस्टरनी मला बाजूला केलं. "इथे तू आत्या आहेस. बाहेर बस."

बाहेर बसले. वहिनी दाराच्या काचेतून आत बघत होती, दादा जिन्यात येरझाऱ्या घालत होता. अकरा दिवस मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. जाऊन त्या पाळण्याकडे बघायचं धैर्यच नव्हतं. तो फोन करील असं वाटायचं... आणि करू नये असंही. त्याने नाही केला.

अकराव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "उद्या घेऊन जा हिला." वहिनी माझ्या गळ्यात पडून इतकी रडली, की माझा युनिफॉर्म खांद्यावर भिजला. मी तशीच धावत फाटकापाशी आले, तर वॉचमनकाकांनी अडवलं.

"सुटली का पोरगी? बरं झालं बाई. त्या सुताराला सांगा आता. तुम्ही दिसेनात म्हणून आला होता, तेव्हापासून रोज सकाळी येतो, विचारतो आणि जातो. आत जा म्हटलं तर जात नाही. म्हणतो, त्यांना आत्ता उत्तरं द्यायला लावू नका."

त्याच्या गल्लीपर्यंत मी कशी पोचले ते आठवत नाही. दारात मला बघून त्याच्या हातातला रंधा तसाच राहिला.

"उद्या," मी धापा टाकत म्हटलं. "उद्या घरी येतेय ती."

तो खाली भुशातच बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि मग हसायला लागला, डोळे पुसत पुसत, बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी वहिनी आरामखुर्चीत, बाळ तिच्या छातीशी, आणि खोलीच्या मधोमध तो बोल्ट आवळतोय. दादा मदत म्हणून चुकीचा पाना पुढे करत होता. तेलाने उजळलेला साग, गुळगुळीत कड, नेमकी बसलेली गादी. वहिनी उठली, कड चाचपली, गजांवरून बोटं फिरवली. "कधीपासून करताय तुम्ही हे?" तिने विचारलं.

"दोन-अडीच महिने झाले. बाळ लवकर आलं... पण पाळणा होता तयार."

वहिनी माझ्याकडे वळली. रागावेल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "वेडी आहेस." आणि मग त्याला, "घ्या, आधी तुम्ही घ्या हिला."

तो दोन पावलं मागे सरला. "मी? नको, नको!"

त्याने तीनदा हात धुतले. मी त्याचं कोपर वाकवलं, तळहात उताणा केला आणि बाळाची मान अलगद त्यावर टेकवली. तो श्वासही घेईना. बाळाने एक जांभई दिली आणि त्याच्या शर्टाचं बटण मुठीत धरून झोपून गेलं. दादा चहा ठेवायला आत गेला, वहिनी दुपटं आणायला... म्हणाली तरी तसं.

"आता तुम्हाला पळता यायचं नाही," मी हळूच म्हटलं. "सांगा, वॉचमनकाकांना रोज काय विचारायचात?"

"बाळ कसं आहे ते."

"आणि?"

त्याचे कान लाल झाले. "आणि... बाळाची आत्या जेवली का."

मला आधी हसू आलं, आणि मग मी बाळाचं टोपडं उगाच सारखं करत राहिले. तेवढ्यात वहिनी आलीच – हातात दुपटं नव्हतंच. "आणा ते बाळ इकडे," ती म्हणाली, "आणि जा दोघं गॅलरीत. इथे उभ्या उभ्या कुजबुजू नका."

गॅलरीत ऊन होतं, खालच्या रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. तो कठड्याला टेकून उभा राहिला, रिकामे हात कुठे ठेवावेत ते न कळून.

"मला बोलता येत नाही नीट," तो म्हणाला. "लाकडाचं सांगू शकतो. ह्याचं... म्हणजे तुम्ही यायला लागल्यापासून मी..." आणि अडकला.

"मग मी बोलते," मी म्हटलं. "मला तू आवडतोस. पाळण्याचा काही संबंध नाही. म्हणजे आहे, पण... तू आवडतोस."

त्याने माझा हात हातात घेतला. त्याचा हात खरबरीत होता, पण एकही ओरखडा उठला नाही.

"परत म्हणा," तो म्हणाला.

"म्हणा नाही. म्हण."

"परत म्हण ना."

मी परत म्हटलं. ह्या वेळी त्याच्या अगदी जवळ जाऊन.

आत बाळ रडायला लागलं. सात वर्षं नोकरी केली, पण बाळ रडलं आणि मी जागची हलले नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. घेईल की तिची आई!