झोपल्यावर लपणारं दुखणं

आईचं दुखणं यंत्रांना दिसत का नाही, हे कस्तुरी निकमला उमगत नव्हतं.

साल होतं २०४६. साताऱ्याजवळच्या पठारावर पवनचक्क्या होत्या आणि कस्तुरीची आई शलाका त्या दुरुस्त करायची. कस्तुरीला आठवतं तेव्हापासून आईच्या ओटीपोटात (बेंबीच्या खालच्या भागात) ठणकत असे. सकाळी ती ठीक असायची. दिवसभर उभ्याने काम केलं की संध्याकाळी तिला ओट्याचा आधार घ्यावा लागे, आणि आडवी झाली की तासाभरात बरं वाटे. तीन ठिकाणी सोनोग्राफी झाली होती. तिन्ही रिपोर्टांत सगळं व्यवस्थित. एका डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, "मन कशात तरी रमवा." गेल्या महिन्यात मात्र टॉवरवर चढताना आईला मधेच थांबावं लागलं, तेव्हापासून कंपनीने तिचं चढणंच बंद केलं.

डॉ. नफिसा मुजावर शिरांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी फाइल बाजूला ठेवली आणि कस्तुरीलाच विचारलं, "आईचं कधी जास्त दुखतं?"

"उभी असली की. झोपली की कमी होतं."

"आणि या तपासण्या कशा केल्या होत्या?"

कस्तुरीने आईकडे पाहिलं. "झोपवून."

"मग आज उभ्याने करू."

पडद्यावर काळ्या, वेड्यावाकड्या नळ्यांचा गुंता दिसला. आई आडवी झाल्यावर तोच गुंता जवळजवळ नाहीसा झाला. आईचे डोळे भरून आले होते.

"शिरा म्हणजे रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या नळ्या," डॉक्टर सांगू लागल्या. "आपण उभे असलो की ओटीपोटातल्या रक्ताला वर चढावं लागतं. ते खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये झडपा असतात (एकाच बाजूला उघडणारी छोटी दारं). झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचतं आणि शीर फुगते. पायावर अशा फुगलेल्या शिरा दिसतात. तुझ्या आईच्या पोटात आहेत. आडवं झालं की त्यांतलं रक्त ओसरतं, म्हणून त्या सापडल्या नाहीत."

"विहिरीच्या मोटरीचा फुटबॉल गेल्यासारखं?" कस्तुरीने विचारलं. पाइपाच्या खालच्या टोकाच्या झडपेला गावात सगळे फुटबॉल म्हणत. तो बिघडला की वर चढलेलं पाणी परत विहिरीत उतरायचं.

"अगदी तसंच."

"पण झडपा सैल कशाने झाल्या?"

"बऱ्याचदा गरोदरपणात होतात. पोटात बाळ असताना तिथलं रक्त खूप वाढतं, शिरा ताणल्या जातात. काहींच्या पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत."

कस्तुरी एकुलती एक होती. ती खाली बघत म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे नाही," आई म्हणाली. "कुणी आधीच उभ्याने बघितलं असतं, तर तू बालवाडीत असतानाच मी बरी झाले असते. मला राग आहे तो त्याचा."

आठवड्याने उपचार ठरला. पोट कापायचं नव्हतं. मानेजवळच्या शिरेतून शेवईएवढी बारीक नळी आत जाणार होती. तिच्या टोकाशी एक इवलासा यंत्रमानव होता, त्याला सगळे सुरवंट म्हणत. बिघडलेल्या शिरेत पोचून तो प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी सोडणार, वेटोळ्यांभोवती रक्त गोठणार आणि ती वाट बंद होणार.

"मग रक्त जाणार कुठून?"

"शेजारच्या चांगल्या शिरांतून. त्या पुष्कळ असतात."

"आणि वेटोळं सुटलं तर?"

डॉक्टरांनी लपवलं नाही. "तर ते रक्ताबरोबर हृदयातून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. क्वचित होतं, पण होतं."

उपचाराच्या दिवशी काचेपलीकडे आई जागीच होती, फक्त मानेची जागा बधिर केली होती. कस्तुरी बाबांचा हात धरून पडद्याकडे बघत होती. सुरवंट खाली सरकत गेला आणि अचानक थांबला.

"शीर आकसली आहे," त्याचा आवाज आला. "जोर लावू?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जोर लावलास तर शीर फाटेल. थांब."

सगळे थांबले. आईचा श्वास स्पीकरमधून ऐकू येत होता. एक मिनिट गेलं, मग दुसरं. डॉक्टरांनी शीर सैल करणारं औषध सोडलं. हळूहळू वाट उघडली आणि सुरवंट पुढे निघाला.

"शिरेची रुंदी सात मिलिमीटर," तो म्हणाला. "त्या मापाचं वेटोळं निवडतो."

कस्तुरीने माइकचं बटण दाबलं. "डॉक्टर, आई आत्ता आडवी आहे. उभी राहिली की शीर फुगेल ना? मग वेटोळं सैल होईल."

डॉक्टरांचा हात टेबलाच्या कळीवर आधीच गेला होता. "म्हणूनच टेबल तिरपं करतेय. शलाकाताई, पाय खाली जातील. थोडं दुखेल."

टेबल कललं. आईने ओठ आवळले.

"अकरा मिलिमीटर," सुरवंट म्हणाला.

"आता निवड."

पहिलं वेटोळं उलगडलं, किंचित हललं आणि शिरेच्या भिंतीला घट्ट टेकलं. डॉक्टरांनी पडद्यावरची नजर काढली नाही. ते जागचं हललं नाही. मग दुसरं, मग तिसरं. शेवटी तपासून बघायला रक्तात सोडलेला, पडद्यावर दिसणारा रंग त्या शिरेत उतरलाच नाही. वाट बंद झाली होती.

आई त्याच दिवशी घरी आली. पहिले पाच दिवस पोट उलट जास्तच दुखलं आणि कस्तुरी घाबरली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की असं होतं, पूर्ण फरक कळायला काही आठवडे लागतात आणि प्रत्येकीला सारखा गुण येत नाही. शलाकाला आला. अडीच महिन्यांनी ती टॉवरच्या टोकावर होती.

कस्तुरी खाली कँटीनच्या पायरीवर बसून वर बघत होती. स्वयंपाक करणाऱ्या लतिफाकाकी कमरेवर हात ठेवून शेजारी टेकल्या. "मलाही असंच होतं गं दिवस कलला की. रिपोर्ट मात्र स्वच्छ."

कस्तुरी त्यांच्याकडे वळली. "काकी, तपासणी उभ्याने केली होती का?"